मॅडियाच्या चित्रपटांत साचा खटकत नाही, क्षमेची घाई खटकते

अमेरिकेतला कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शक-नट टायलर पेरी बाईच्या वेशात मॅडिया नावाची तोंडाळ आजी रंगवतो. त्याच्या मॅडिया चित्रपटांवरचा वाद वीस वर्षं दोनच वाक्यांत अडकलाय. एक बाजू म्हणते, सगळे एकसारखेच असतात. दुसरी म्हणते, आम्हाला आवडतात, तुमचं काय जातं? दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यामुळे वाद तिथेच फिरत राहतो. मला वाटतं, साच्यावर बोट ठेवणं सोपं आहे आणि चुकीचंही. या चित्रपटांत माफी मागण्याआधी आणि देण्याआधी पात्रांना किती किंमत मोजावी लागते, ते बघायला हवं. जिथे ती पुरेपूर मोजली जाते तिथे चित्रपट आजही उभा राहतो. जिथे ती टाळली जाते तिथे चर्चमधलं गाणं कितीही चांगलं असलं तरी चित्रपट कोसळतो.

आधी हा साचा आला कुठून ते सांगतो, कारण टीका करणारे बहुतेक जण ते वगळतात. पेरी मूळचा न्यू ऑर्लिन्सचा. १९९२ साली त्याने साठवलेले बारा हजार डॉलर घालून अटलांटात पहिलं नाटक केलं. विषय होता लहानपणी अत्याचार सोसलेली माणसं आणि क्षमा. नाटक सपशेल पडलं. त्याच नाटकाने १९९८ मध्ये त्याच शहरात गर्दी खेचली, तेव्हा तो चर्चच्या मंडळींपर्यंत पोहोचला होता. मॅडिया ही आजी १९९९ च्या नाटकात आली आणि मुख्य पात्रांना मागे सारून बसली. कृष्णवर्णीयांसाठीच्या फिरत्या रंगभूमीची तिथे जुनी परंपरा आहे. मध्यमवयीन बायका चर्चच्या गटाने तिकिटं काढतात, बसने येतात, खलनायकाला प्रेक्षागृहातून सुनावतात, गॉस्पेल म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीताला उभ्या राहतात. कृष्णवर्णीय साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी १९९७ मध्येच या रंगभूमीवर लिहिलं होतं. म्हणजे चित्रपटाचा प्रेक्षक चित्रपटाच्या आधीपासून तयार होता. हॉलिवूडला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून फेब्रुवारी २००५ मध्ये ‘डायरी ऑफ अ मॅड ब्लॅक वुमन’ आला तेव्हा धक्का बसला तो हॉलिवूडला. खर्च सुमारे ५५ लाख डॉलर. पहिल्याच तीन दिवसांत, शुक्रवार ते रविवार, दोन कोटी वीस लाखांच्या आसपास कमाई आणि देशात पहिला क्रमांक. एकूण गल्ला पाच कोटींवर. नामवंत समीक्षक रॉजर एबर्टने त्याला चारपैकी एकच तारा दिला होता. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या सिनेमास्कोअरच्या पाहणीत मात्र मॅडियाचे चित्रपट पुन्हा पुन्हा ‘ए’ गटात बसतात. प्रेक्षकाला अक्कल नाही, असा याचा अर्थ काढणारे आळशी आहेत. समीक्षक एकट्याने शांत बसून जे बघतो आणि भरलेलं चित्रपटगृह जे बघतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅडियाच्या विनोदानंतर संवाद जरा थांबतो, कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळतो. ती जागा प्रेक्षकांच्या हशासाठी आणि प्रत्युत्तरासाठी मोकळी ठेवलेली असते. नेटफ्लिक्सवर एकट्याने बघणाऱ्याला तीच जागा ढिली वाटते. भारतातून हे चित्रपट बघणाऱ्यांची पहिली तक्रार ‘संथ आहे’ अशी असते, ती इथून येते.

साच्याचे सुटे भाग असे. एक स्त्री, बहुतेकदा सोसणारी. तिच्यासमोर पैसेवाला, टापटीप, घरात क्रूर असणारा पुरुष, म्हणजे वकील किंवा बँकवाला. दुसरीकडे साधी नोकरी करणारा, देव मानणारा भला माणूस: ‘डायरी’त सामान हलवणारा ट्रकवाला, २००६ च्या ‘मॅडियाज फॅमिली रियुनियन’मध्ये बसचालक. मधोमध मॅडियाचं घर. तिचा ‘जो’ नावाचा भाऊ अचकट विचकट बोलणारा, भाचा ब्रायन सज्जन वकील, आणि मॅडियासकट ही तिन्ही पात्रं पेरी स्वतःच करतो. मग चर्च, गाणं, पश्चात्ताप, आणि शेवटी लग्न किंवा लग्नाची मागणी.

यात मॅडियाची जागा फार विचाराने ठरवलेली आहे. ती चर्चला जात नाही, बायबलमधल्या गोष्टी उलटसुलट सांगते, पर्समध्ये पिस्तूल ठेवते, पोलिसांशी तिचं जुनं वैर. श्रद्धेची बाजू अशा बाईच्या तोंडून आली की प्रवचन गळ्यात अडकत नाही. आपल्या तमाशातल्या गवळणीत पुरुषाने केलेली मावशी कृष्णालाही चार शब्द सुनावते, त्याच जातीचं हे काम आहे. पेरीने २००९ मध्ये मुलाखतीत स्पष्टच सांगितलं की मॅडिया हे आमिष आहे, तिच्या आडून देव, क्षमा, कुटुंब यांवर बोलता येतं. आमिष काढून घेतलं की काय होतं ते त्याच्या मॅडिया नसलेल्या गंभीर चित्रपटांत दिसतं. पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून एकमेकांना उपदेश करू लागतात.

आता किंमत मोजण्याचा मुद्दा. ‘डायरी’त चार्ल्स लग्नाच्या अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर हेलनला घराबाहेर काढतो. पुढे त्याला गोळी लागते, तो लुळा पडतो आणि हेलनच त्याची शुश्रूषा करायला येते. इथे पेरी घाई करत नाही. हेलन लगेच माफ करत नाही. ती त्याला उपाशी ठेवते, टबात ढकलते, सगळा राग काढते. हे बघताना अंगावर येतं, आणि यायलाच हवं. त्यानंतरच तिची सेवा खरी वाटते. मग चर्चमध्ये चार्ल्स उठून चालू लागतो, ब्रायनची व्यसनातून सावरलेली बायको डेब्रा दारातून गात आत येते, तेव्हा चमत्कार न मानणाराही हलतो. आणि महत्त्वाचं म्हणजे माफ करूनही हेलन त्याच्याकडे परत जात नाही. क्षमा आणि नांदायला परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चर्चमधल्या बायकांना इतकं स्वच्छ सांगणारा चित्रपट मला दुसरा माहीत नाही.

‘फॅमिली रियुनियन’मध्ये लिसाला मारणाऱ्या कार्लोसवर मॅडियाच्या सल्ल्याने उकळते ग्रिट्स ओतले जातात. ग्रिट्स म्हणजे मक्याची भरडी शिजवून केलेली घट्ट लापशी, पाण्यासारखी ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजते. त्या हशामागे जुनी आठवण आहे. १९७४ मध्ये गायक अल ग्रीनवर घरात असेच गरम ग्रिट्स फेकले गेले होते, आणि दोन वर्षांत तो मेम्फिसमध्ये चर्चचा पाळक झाला. कृष्णवर्णीय प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला तो नुसता आचरटपणा वाटतो. त्याच चित्रपटात कवयित्री माया अँजेलो आणि अभिनेत्री सिसिली टायसन घराण्यातल्या थोर बायका म्हणून कुटुंबासमोर उभ्या राहतात. कथेला त्या प्रसंगाची गरज फारशी नाही. प्रेक्षकांना मात्र होती.

२००९ चा ‘मॅडिया गोज टू जेल’ नऊ कोटी डॉलरवर गेला, पण तो दोन चित्रपटांचं जोडकाम आहे. मॅडियाचा दंगा एकीकडे, सरकारी वकील जोशुआ आणि रस्त्यावर आलेली कँडेस दुसरीकडे, तुरुंगापर्यंत दोन्ही धागे जवळजवळ भेटतच नाहीत. तरी तो मला उजवा वाटतो, कारण इथे कबुली द्यावी लागते नायकाला. कॉलेजात त्याने कँडेसला आपल्या मित्रांच्या तावडीत सोडून दिलं होतं. आणि वायोला डेव्हिसने केलेली धर्मोपदेशिका उपदेश कमी आणि काम जास्त करते.

याच्या अगदी उलट, २०१३ चा ‘टेम्प्टेशन’, पेरीचाच पण मॅडिया नसलेला. जूडिथ नवऱ्याला सोडून श्रीमंत माणसाच्या नादी लागते. तो तिला मारहाण करतो, आणि वर तिला एचआयव्ही होतो. शेवटी लंगडत ती चर्चकडे जाते, नवरा नव्या संसारात सुखी. आजार म्हणजे पापाची शिक्षा, हे इथे सरळ मांडलंय. पुरुष चुकला तर त्याला चालायला पाय परत मिळतात, बाई चुकली तर तिला जन्मभराचं औषध. या चित्रपटावर सर्वांत कडाडून बोलले ते कृष्णवर्णीय प्रेक्षक आणि लेखक, ज्यांच्या समाजात एचआयव्हीबद्दलच्या लाजेने लोक तपासणी टाळतात. ही टीका मी शंभर टक्के मान्य करतो. कथा जाणत्या प्रेक्षकाला खोटी वाटली तर श्रद्धेचा आधार घेऊन ती वाचत नाही.

दुसरा खरा दोष वेगाचा. पेरी बहुतेक वेळा स्वतःच लिहितो, दिग्दर्शित करतो, तीन भूमिका करतो. २०१६ चा ‘बू!’ सुमारे सहा दिवसांत चित्रित झाला. परिणाम पडद्यावर दिसतो. म्हातारी मंडळी दिवाणखान्यात बसून मिनिटामागून मिनिटं बोलतात. एकच नट समोरासमोरची दोन पात्रं करतो, म्हणून कॅमेरा एकेका चेहऱ्यावर खिळलेला. गप्पा सुचतील तशा वाढतात आणि कापायला कोणी नसतं. तरी तो सात कोटींवर गेला. गल्ला भरतोय म्हटल्यावर सहाचे बारा दिवस करायला पेरीला कोण सांगणार? सांगायला हवं ते प्रेक्षकांनीच.

कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक लीने २००९ मध्ये या कामाला विदूषकी चाळे म्हटलं आणि काळ्या पात्रांची थट्टा करणाऱ्या ‘एमॉस अँड अँडी’ या जुन्या विनोदी मालिकेची आठवण काढली. त्यात वजन आहे: जाड दिसण्यासाठीचा पोशाख, केसांचा टोप, आरडाओरडा करणारी काळी बाई हे चित्र गोऱ्या निर्मात्यांनी शंभर वर्षं विकलं. फरक एवढाच की ‘एमॉस अँड अँडी’ रेडिओवर गोरे नट करत होते, आणि इथे मालकीसुद्धा कृष्णवर्णीय माणसाची आहे. २०१९ मध्ये अटलांटाच्या जुन्या लष्करी तळावर, ३३० एकरांत, पेरीने स्टुडिओ उघडला. त्यातल्या बारा चित्रीकरण-मंचांपैकी एकाला स्पाइक लीचं नाव आहे. मालकी आली म्हणून आक्षेप संपत नाही, हेही मी मानतो. काळा रंग अधिक गडद असलेला नवरा खलनायक आणि उजळ रंगाचा तारणहार, ही ‘डायरी’तली निवड आजही बोचते.

नव्याने बघणाऱ्यांनी ‘फॅमिली रियुनियन’पासून सुरुवात करावी, शक्यतो चार जणांसोबत, मोठ्याने हसत. मग ‘डायरी’, मग ‘जेल’. ‘बू!’ आवडला नाही तर बंद करा, पुढे कथेत काही सुटत नाही. ‘टेम्प्टेशन’ बघायचाच असेल तर शेवटची पंधरा मिनिटं नीट बघा आणि इथे खाली लिहा की जूडिथला कुणी, कधी आणि कशाबद्दल माफ केलं. मला त्या चित्रपटात ते कुठेच सापडलं नाही.