साहेब, एकदा पोरांना वाचायला तरी लावा!

आज आमच्या जिल्हा परिषद शाळेत तपासणी झाली. शाळा व्यवस्थापन समितीत आहे म्हणून मीही गेलो होतो. हजेरी बघितली, तांदळाचा साठा बघितला, शौचालयाचे फोटो काढले, चहा झाला, गाडी निघाली. एकाही लेकराला कुणी "बाळ, हे वाच" म्हटलं नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय.

चौथीतल्या एका मुलीने मागे मला धडा वाचून दाखवला. घडाघडा. मग लक्षात आलं, तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट अजून पहिल्याच ओळीवर. सगळं पाठ! भिंतीवरच्या पेटीवरचं 'प्रथमोपचार' वाच म्हटलं, तर 'प्र'पाशीच अडली. हजेरीपटावर ही पोर रोज हजर आहे. मग तपासणीत ती सापडणार कशी?

आणि ती एकटी नाही. मुलांना वाचता-लिहिता येतं का हे गावोगावी तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही.

लगेच मास्तरांच्या नावाने खडे फोडू नका. सही करून गायब होणारेही आहेत, मान्य. पण आमच्याकडे चार वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक मतदार यादीच्या कामाला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच सूट देतं. मग आहाराच्या ऑनलाइन नोंदी, आधारची जुळवणी, रोजचे फोटो हे कुठून आलं? त्याच मुलीला मधल्या सुट्टीत जवळ बसवून बाई जोडाक्षरं शिकवत होत्या. तेवढ्यात फोन, "माहिती तातडीने पाठवा." बाईंचा चेहरा बघवला नाही हो. राग कुणावर काढायचा?

उपाय माहीत नाही असंही नाही. इयत्ता बाजूला ठेवायची, ज्याला जे येतं तिथून रोज तासभर शिकवायचं. मुंबई-बडोद्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकवणाऱ्या तरुणी, नेमल्या. त्याचा परिणाम अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी मोजला. त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं! आमच्या पोरीला मात्र अजून चौथीचा अभ्यासक्रमच 'पूर्ण' करायचाय.

शनिवारी समितीची बैठक आहे. रंगकामाच्या आधी वाचनाचा विषय घ्या, असं मी सांगितलंय. पालकांनो, मजुरी बुडते हे कळतं, तरी तासभर या. पोरांना तुमच्यासमोर वाचू द्या.