तो 'च' माझा चुकला, पण...

"हार्डवेअरमध्ये जायचं तर इलेक्ट्रॉनिक्सच घ्या, असं सांगून तुम्ही मुलांची दिशाभूल करताय. चिपसुद्धा आता कोड लिहूनच बनते," असं तुम्ही लिहिलंत. मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे म्हटल्यावर तुमची चिडचिड समजते. तो 'च' माझा चुकला. मूळ लेखातून आजच काढला.

चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकणं, म्हणजे व्हेरिफिकेशन, याला प्रोग्रामरचंच डोकं लागतं. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकला तो चिपमधल्या एका तक्त्यातल्या पाच नोंदी गळल्याने. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

पण "कोडच तर आहे" हे मला पटत नाही. व्हेरिलॉग, म्हणजे चिप रचायची भाषा, दिसायला सी भाषेसारखी दिसते, पण तिच्यातून उभं राहतं ते सर्किट, आणि त्याचे सगळे भाग एकाच वेळी चालू असतात. सिग्नल फ्लिपफ्लॉपपाशी, म्हणजे एक बिट धरून ठेवणाऱ्या भागापाशी, उशिरा पोहोचला तर क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारे ठोके, मंद करून निभावून नेता येतं. क्लॉकच्या ठोक्यानंतर तो फार लवकर बदलला, तर मात्र क्लॉक कितीही मंद करा, चूक तशीच राहते. तयार चिपमध्ये मग हात घालता येत नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एकाच्या सर्किटचं बटण एकदा दाबलं की आकडा चार-पाचने पुढे जायचा. दोन दिवस तो प्रोग्रामच तपासत बसला होता. ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला आणि दिसलं: बटणातल्या पट्ट्या टेकताना थरथरत होत्या, काही मिलिसेकंदांत सिग्नल अनेकदा खालीवर. प्रोग्राम ते सगळे ठोके इमानेइतबारे मोजत होता! ही नजर प्रयोगशाळेतच येते.

पदवीच्या नावाचंच म्हणाल, तर इंटेल उभी करणाऱ्यांत गॉर्डन मूर रसायनशास्त्राचे, रॉबर्ट नॉइस भौतिकशास्त्राचे, अँडी ग्रोव्ह केमिकल इंजिनिअर.

म्हणून मुलीची शाखा बदलायची घाई करू नका. अभ्यासक्रमात डिजिटल डिझाइन, कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि सर्किटची प्रयोगशाळा आहे का, ते आधी बघा. नसेल तर इलेक्टिव्ह म्हणून मिळतात का, विचारा. तिच्या हाती एक छोटा एफपीजीए बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा रचता येणाऱ्या चिपचा बोर्ड, द्या. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या आज्ञासंचाचा आराखडा सगळ्यांना खुला आहे, त्यावरून साधा प्रोसेसर तिला स्वतः रचता येईल. मात्र तिचा ओढा अॅनालॉग सर्किट किंवा रेडिओकडे असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सला जाणंच बरं, आणि तेही याच वर्षी.