‘नाही’ तरी लिहून द्या

संज्यानं प्लॅस्टिकचं फोल्डर पायरीवर आपटलं, त्याच वेळी अमृततुल्यवाला पोरगा चहा घेऊन आला होता. दोन कप आडवे झाले. नंतरचा तासभर संज्याच्या तीन वर्षांच्या आयटी रिटर्नला वेलचीचा वास येत होता.

“साहेबांची बदली झाली,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“ज्यांनी माझा जबाब घेतला होता त्या. नवीन साहेब म्हणतायत, मी माणूस बघितल्याशिवाय शेरा मारत नाही. म्हणजे परत पहिल्यापासून.”

आमचा कट्टा म्हणजे डहाणूकर कॉलनीतल्या एका बंद झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. संज्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा आडत्या. पराग शाळेत गणित शिकवतो. अव्या काय करतो ते आम्हाला वीस वर्षांत नीट कळलेलं नाही. मी बँकेत. आणि नाना, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालेले, आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना पायरीची वरची कड राखीव असते. संज्यानं मागच्या नोव्हेंबरात रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला, त्याला आता अकरा महिने झाले. दिलेलं नाही, नाकारलेलंही नाही.

“एवढ्यात उमरटीला जाऊन आला असतास,” अव्या म्हणाला. “कट्ट्यावर बसून कट्टा. फॉर्म नको, फोटो नको.”

उमरटी हे मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यात, आपल्या चोपड्याच्या हद्दीला लागून असलेलं गाव. पुण्यात सापडणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या, म्हणजे बेकायदा पिस्तुलांच्या, बातम्यांत त्याचं नाव सारखं येतं. नानांना असले विनोद चालत नाहीत. “ते हातात सापडलं ना, तर जामिनासाठी तुझ्या बायकोला मी ओळखत नाही,” एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

परागचा मुद्दा ठरलेला होता. “मुळात हवंय कशाला? रोकड घेऊन फिरतोस म्हणून? मग रोकड बंद कर. यूपीआय आहे की.”

“पहाटे चारला पुरंदरहून गाडी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला मी क्यूआर कोड दाखवू?”

ह्यावर मी गप्प राहायला हवं होतं, पण बँकवाल्याला राहवत नाही. पुरंदरचे म्हातारे आमच्या काउंटरवर येऊन खात्यात पैसे आले का ते बरोबर विचारतात. रोख लागते ती म्हाताऱ्यांना कमी आणि आडत्यांना जास्त. संज्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा चहा सांगितला.

पण त्याची भीती खोटी नाही. दोन वेळा एक मोटारसायकल गुलटेकडीपासून त्याच्या गाडीमागे आली, स्वारगेट ओलांडून थेट म्हात्रे पुलापर्यंत. दोन्ही वेळी मागे बसलेल्याच्या तोंडाला रुमाल. तो सांगायला ठाण्यात गेला. तिथे म्हणाले, धमकी दिली का? नाही. अडवलं का? नाही. मग तक्रार कशाची घ्यायची? एनसीसुद्धा, म्हणजे साधी अदखलपात्र नोंदसुद्धा, झाली नाही. तीन महिन्यांनी परवान्याच्या चौकशीला त्याच ठाण्यातले गोपनीय शाखेचे अंमलदार घरी आले, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुमच्या जिवाला धोका आहे म्हणता, तर आधी कुठे तक्रार दिलीय का?”

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे आमच्यातल्या कोणाला तरी उद्या पासपोर्टसाठी जायचंच आहे.

“हे बघ,” नाना म्हणाले, “कायद्यातच फरक केलाय. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम १३. संरक्षणासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची साधी बंदूक मागितलीस तर भाषा वेगळी आहे, तिथे अधिकाऱ्यानं परवाना द्यावा असं आहे. इतर बाबतीत, म्हणजे रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, तिथे सबळ कारण आहे अशी त्याची खात्री पटली पाहिजे. खात्री कोणाची? त्याची. तुझी नाही.”

“मग खात्री करून घ्या ना! मी कुठे नको म्हणतोय?”

आणि खरंच, संज्यानं काही सोडलेलं नव्हतं. नमुना ए-१ मधला अर्ज, डॉक्टरचं प्रमाणपत्र, हत्यार घरात कुठे आणि कसं ठेवणार त्याची लेखी हमी, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण. पुणे शहरात परवाना देणारे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं, आणि ग्रामीणला जिल्हाधिकारी. संज्याची पंचाईत अशी की तो कोथरूडला राहायला येऊन दोनच वर्षं झालीत, त्याआधी बिबवेवाडी, आणि मूळ गाव पुरंदर तालुक्यात. म्हणजे तीन ठाण्यांकडून माहिती. गावचा अहवाल वीस दिवसांत आला. (गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पोलीस पाटलांनी त्याच्या आजोबांच्या बंदुकीचीही आठवण सांगितली म्हणे.) बिबवेवाडीकडचाही आला. तिसऱ्यानं फाइल धरून ठेवली, आणि तिसरं म्हणजे तो आज राहतो तेच.

“कारण काय सांगतात?” मी विचारलं.

“आधी निवडणुकीचा बंदोबस्त. मग पालखी. मग गणपती. मध्ये एकदा फाइल वर गेली होती, एसीपी ऑफिसातून त्रुटी काढून परत आली. शेजाऱ्यांचे दोन जबाब हवे होते, एकच जोडला होता. दुसरा शेजारी कोण? हा पराग!”

परागनं मान खाली घातली. त्याच्याकडे अंमलदार आले तेव्हा त्यानं ‘माणूस सज्जन आहे पण त्याला बंदुकीची गरज आहे असं मला वाटत नाही’ असा जबाब दिला होता. गणिताचा मास्तर, खोटं बोलणार नाही. त्यावर दोघांत दीड महिना अबोला होता.

“मी आजही तेच म्हणेन,” तो म्हणाला. “तुझा मुलगा नववीत आहे. माझ्या वर्गातली नववीतली पोरं मी रोज बघतो. आणि त्या मोटारसायकलवाल्यानं खरंच गाडी अडवली, तर तू रिव्हॉल्व्हर काढेपर्यंत तो वाट बघणार आहे? समजा काढलंस, झाडलंस. मग? स्वसंरक्षण होतं हे कोर्टात सिद्ध कोण करणार?”

ह्याला उत्तर नव्हतं. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून खासगी बचावाचा हक्क आहे, पण ३७ मध्ये त्याला लगाम आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. मध्यरात्री म्हात्रे पुलावर एवढा हिशेब कोण करतं!

इथपर्यंत मी परागच्या बाजूचा. संज्याला परवाना मिळू नये असंच मला मनातून वाटत होतं, आजही वाटतं. पण मग नाना जे बोलले त्यानं माझी बाजू सरकली.

“सही करणाऱ्याच्या डोक्यात काय असतं सांगू?” त्यांनी बशी खाली ठेवली. “शिफारस केली, आणि उद्या ह्यानं कोणाच्या वरातीत बार काढला, तर चौकशीत पहिला प्रश्न, शिफारस कोणाची होती. शिफारस नाही असं लिहिलं, तर का नाही ते लिहावं लागतं. आणि हा व्यापारी, ह्याच्या ओळखीचा एखादा नगरसेवक असणारच, तो फोन करणार. कागद तसाच कपाटात ठेवला तर? काही नाही. बदली होते, चार्ज देताना प्रलंबित अर्जांची यादी पुढच्याला देतो, सुटला. मी तीस वर्षं हेच बघितलं. केलंही.”

शेवटचं वाक्य ते हळू बोलले. अव्यासुद्धा काही बोलला नाही.

“पण मुदत असेल ना काहीतरी?” पराग म्हणाला.

मुदत आहे, आणि कागदावर चोख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ठाण्यानं अहवाल ३० दिवसांत द्यायचा. तो मिळाल्यापासून परवाना अधिकाऱ्यानं ६० दिवसांत हो किंवा नाही, लेखी. म्हणजे नव्वद दिवसांचं काम. वर कायद्यातच आणखी एक सोय आहे: अहवाल मुदतीत आलाच नाही, तर अधिकारी त्याची वाट न बघता निर्णय करू शकतो.

“‘करू शकतो’,” नाना म्हणाले. “‘करावा’ नाही. ह्या दोन शब्दांच्या मधे तुझे अकरा महिने बसलेत. आणि खालचा अहवाल नसताना बंदुकीवर सही करणारा अधिकारी मला अजून भेटायचाय. मीही केली नसती.”

“मग नाकारा!” संज्या एवढ्यानं ओरडला की समोरच्या मेडिकलवाल्यानं वळून बघितलं. “नाकारलं तर कलम १४ प्रमाणे कारणं नोंदवावी लागतात, मागितली तर द्यावी लागतात. कलम १८ खाली मी अपिलात जाईन. तिथेही नाही म्हणाले तर मी गाडीत एक माणूस जास्त ठेवीन, रोकड कमी करीन, काहीतरी करीन. पण हे काय? अपील कशावर करू? कपाटावर?”

नेमकं हेच. परागसारख्या ज्यांना पुण्यात बंदुका कमी हव्यात, त्यांना वाटतं की उशीर आपल्या बाजूनं काम करतोय. परागनं तसं बोलूनही दाखवलं, की अकरा महिन्यांत ह्याचं डोकं थंड होईल. मला हे अजिबात पटत नाही. उशीर डोकं बघत नाही. ज्याच्या मागे कोणी नाही त्याला तो थांबवतो, आणि ज्याच्या मागे कोणी आहे त्याची फाइल मधल्या मधे पुढे सरकते. उद्या एखाद्या भलत्याच माणसाकडे परवाना निघाला की आपण सगळे विचारतो, ह्याला कसा मिळाला? नकार लिहायची सवयच मोडली असेल तर ह्यालाही कोणी लिहिला नसणार.

“माहिती अधिकारात टाक,” अव्या म्हणाला. अव्या कधी कधी कामाचं बोलतो. “फाइलवरची टिपणी माग. कुठल्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती, सगळं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.”

“तीस दिवस!” संज्या हसला. “हे तीस दिवस मला आता पाठ झालेत.”

पण अव्याचा मुद्दा तसा ह्या गावाच्या परंपरेला धरून होता. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यात पडला, आणि तोही एका पोलीस ठाण्यात. पुणेकराला पोलिसांना लेखी विचारायची हौस जुनीच.

शेवटी माझ्या डायरीचं पान फाडलं आणि तिथेच मसुदा करायला बसलो. विषय: शस्त्र परवाना अर्जाबाबत. मी लिहिलं, “माझा अर्ज मंजूर करणे शक्य नसल्यास तो नाकारावा ही नम्र विनंती.” संज्या म्हणाला झकास. पराग म्हणाला, मी सही करतो खाली, साक्षीदार म्हणून, नाकारायला माझा पाठिंबा आहे. दीड महिन्याच्या अबोल्यानंतर दोघं पहिल्यांदा एकाच कागदावर वाकले होते.

नानांनी चष्मा लावून कागद लांब धरला.

“‘नाकारावा’ खोड. स्वतःहून लेखी दिलंस तर ते आनंदानं नाकारतील, आणि कारण लिहितील, अर्जदाराच्या विनंतीवरून. ‘निर्णय कळवावा’ लिही. अर्जाची तारीख टाक, तीस आणि साठ दिवसांचा उल्लेख कर, तो नियम साहेबांना माहीत आहे असं गृहीत धरू नकोस. आवाज चढवू नकोस.”

मी खोडलं, लिहिलं.

“आणि दोन प्रती काढ. एकीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. शिक्क्यावर तारीख असते, ती बघ. नुसता गोल शिक्का मारून देतात, तारीख फिरवायची विसरतात.”

“विसरतात?” संज्या म्हणाला.

नानांनी उत्तर दिलं नाही. पोरगा कप गोळा करायला आला होता. त्यांनी खिशातून सुटे काढले आणि सगळ्यांचे पैसे दिले, जे ते सहसा करत नाहीत.