'पॅडीसारखं होईल' म्हणे

आज सकाळी पुतण्याला घेऊन शिवाजी स्टेडियमवर नेटला गेलो होतो. अकरा वर्षांचं पोरगं, डावखुरा स्पिन टाकतंय, बॉल मस्त हवेत सोडतंय. शेजारी उभे असलेले एक पालक मला म्हणाले, "ओ, ह्याला फास्ट टाकायला लावा, नाहीतर पॅडी शिवलकरसारखं होईल, जन्मभर टाकत बसंल आणि इंडिया काय खेळणार नाही." आणि हसले वर. विजय हजारेंच्या सांगलीत हे ऐकायचं! तिथं काय बोललो नाही, पण डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

अहो, पॅडी म्हणजे मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर. त्यांच्यासारखं झालं तर पेढे वाटीन मी. 589 फर्स्ट क्लास विकेट, गंमत आहे का? 1973 ची रणजी फायनल, चेपॉक, मुंबई दोन डावांत 151 आणि 113 ला गुंडाळलेली, तरी मॅच मुंबईनं जिंकली. पॅडींचे आकडे 16 रनात 8 विकेट आणि 18 रनात 5. मला हे पाठ आहे कारण आमच्या नानाकाकाला पाठ होतं. पेपरातलं कात्रण होतं त्याच्याकडं, घडीवर फाटलेलं.

नानाकाका मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी. दिवसभर हळकुंडं मोडून बघायची, त्यामुळं बोटं कायम पिवळी. तोही डावखुरा स्पिनर. रविवारी सौदा आटपून थेट मॅटवर. एकदा समोरच्या कॅप्टननं अंपायरकडं तक्रार केली, हा बॉलला काहीतरी लावतोय. अंपायरनं काकाची बोटं हुंगली, म्हणाला हळद आहे हो. तरी काका गप नळावर गेला, राखेनं हात घासून आला आणि परत टाकायला लागला. विकेट मिळाली नाही त्या स्पेलला. पण एक चौकार बसू दिला नाही.

जिल्ह्याच्या टीममध्ये त्याला कधी घेतलं नाही, दुसरा डावखुरा होता. इंडियाच्या टीममध्ये डावखुरा स्पिनर बिशनसिंग बेदी होता म्हणून पॅडी राहिले, तसंच. आता बेदी थोरच, 266 टेस्ट विकेट, त्याला बसवा असं मी पण म्हणणार नाही. पण दोन डावखुरे एकत्र का नाही खेळवायचे? हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत 637 विकेट, तेही तसेच राहिले. 1979 ला बेदी संपला तेव्हा डावखुऱ्या दिलीप दोशींना 31 व्या वर्षी इंडियाची कॅप मिळाली आणि त्यांनी 114 विकेट काढून दाखवल्या. पॅडी तेव्हा 39 चे. वेळ गेलेली.

आणि मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? 'बिचारा' म्हणण्याचा. मार्च 2025 मध्ये पॅडी गेले तेव्हा सगळीकडं तेच, बिचारे, दैव आडवं आलं. अरे, जो माणूस 47 व्या वर्षी बोलावल्यावर परत मुंबईकडून रणजी खेळतो, नंतर शिवाजी पार्क जिमखान्यावर पोरांना शिकवतो, स्टेजवर गाणी म्हणतो, तो बिचारा कसा? बोर्डानं सी. के. नायडू पुरस्कार दिला तो 2017 ला, गोयलना आणि त्यांना एकदमच. तिथं बोर्डाला लाज वाटायला पाहिजे होती, त्यांना नव्हे.

हां, पैसा लागतो, आयपीएलचं दिवस आहेत, त्या पालकांचंही पोरगंच आहे, काळजी असणार. मान्य. पण म्हणून एवढ्या मोठ्या माणसाचं नाव भीती घालायला वापरायचं?

लहानपणी मी काकाला विचारलं होतं, वाईट नाही का वाटत? तो बॉल हातात फिरवत होता, म्हणाला, "रविवारी बॉल मिळतोय की रं."

काका जाऊन नऊ वर्षं झाली. दुपारी ट्रंकेतनं त्याचा बॉल काढला. चामडं पार काळं पडलंय, पण शिवणीच्या दोऱ्यात हळद अजून आहे. पुतण्याला दिला, तर त्यानं आधी वास घेतला. मग अंगणात जाऊन तुळशीपाशी बादली ठेवून टाकत बसलाय, तासभर झाला, जेवायला हाका मारतोय तरी येत नाही.