थकबाकीदार ३०३

मेंटेनन्स वेळेवर भरला, पावती घेतली, तरी लिफ्टशेजारच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीत ३०३ छापून आला. आमची लिफ्ट खाली यायला इतका वेळ लावते की येणाऱ्याजाणाऱ्याची ती यादी पाठ झाली. दूधवाल्यानेही या महिन्याचं बिल जरा लवकरच मागितलं.

पावती घेऊन सेक्रेटरी काकांकडे गेलो.

"पावती बरोबर आहे," काका चष्मा वर करून म्हणाले. "सही माझीच आहे."

"मग यादीतून काढा मला."

"ते कसं काढणार? यादी कॉम्प्युटरने केलीय."

"आणि पावती?"

"पावती मी फाडली. माणूस चुकतो हो, ३०३."

काका सगळ्यांना फ्लॅटच्या नंबरानेच हाक मारतात. लग्नपत्रिकेवरही तेवढंच लिहिलं तर त्यांना पोचेल.

आता कॉम्प्युटरने केली म्हणजे काकांच्या भाच्याने केली. तो इंजिनिअरिंगला आहे. एक्सेलमध्ये सुखाने चाललेली यादी त्याने पायथन नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत नेली, कारण एक्सेल आता कोण वापरतं! प्रोग्राम मागून घेतला. कामाच्या ओळी तीनच:

फॉर घर इन थकबाकी:
    इफ घर इन भरणा:
        थकबाकी.रिमूव्ह(घर)

आधी बत्तीसच्या बत्तीस फ्लॅट थकबाकीदार धरायचे (हे काकांच्या स्वभावाला धरूनच झालं), मग एकेकाचं नाव घेऊन भरणा यादीत बघायचं, सापडला तर थकबाकीतून उडवायचा. वाचायला कुठे खोट दिसत नाही. चालवलं तर एररही येत नाही. आणि तिथेच घात आहे.

पायथनचा फॉर लूप, म्हणजे यादीतल्या एकेकाला घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा, यादीवर फिरताना तिची वेगळी प्रत काढत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात: यादी कुठली, आणि आपण कितव्या जागेवर आहोत. जागा शून्यापासून मोजतात. एक फेरी झाली की जागेचा आकडा एकने वाढतो, त्या जागेवर जो कोणी बसलेला असेल तो पुढचा. आधी तिथे कोण होतं, मधल्या काळात कोण सरकलं, याच्याशी लूपला काही देणंघेणं नाही. जागेचा आकडा यादीच्या त्या घडीच्या लांबीएवढा किंवा त्याहून मोठा झाला की लूप संपला.

हे काकांना पटवायला मी पावतीपुस्तकातले चार कोरे कागद मागितले. "दोन्ही बाजू वापरा," म्हणत त्यांनी दोनच दिले. ते फाडून चार चिठ्ठ्या केल्या: ३०१, ३०२, ३०३, ३०४. ओळीने मांडल्या आणि काकांचं बोट पहिल्या चिठ्ठीवर ठेवलं.

"हे शून्य. ३०१ ने भरलेत का?"

"तो कधी भरतो?"

"मग राहू दे. बोट पुढे. जागा एक. ३०२?"

"वहिनींनी पाच तारखेच्या आत भरले. बाई वक्तशीर."

"मग ही चिठ्ठी काढली. आता मागच्या दोन पुढे सरकवायच्या, मध्ये फट राहत नाही."

काकांनी ३०३ ची चिठ्ठी उचलून पुन्हा मूळ जागी ठेवली.

"काका, सरकवायची."

"फ्लॅट कसा सरकेल?"

"फ्लॅट नाही सरकत. यादी सरकते."

"उद्या तुम्ही ३०२ मध्ये राहायला जाणार का? शेअर सर्टिफिकेट ३०३ चं आहे तुमचं."

मी चिठ्ठी सरकवायचो, काका ती परत ठेवायचे. शेवटी मी ३०३ वर पेपरवेट ठेवला आणि त्यांचं बोट धरून एक घर पुढे नेलं. जागा दोन. तिथे आता ३०४ होता.

"३०४ ने भरले नाहीत," काका म्हणाले.

"बरोबर. आणि मला कोण विचारणार?"

काका बराच वेळ पेपरवेटकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुम्ही त्या वेळी घरी नव्हता का?"

पुरुष शांतच राहिला पाहिजे अशा जागा आयुष्यात असतात, त्यातली ही एक. मनातल्या मनात तो प्रोग्राम पुन्हा चालवला आणि लक्षात आलं की माझी बेअब्रू ३०२ च्या वक्तशीरपणामुळे झाली. वहिनींनी पैसे बुडवले असते तर लूप त्यांना जागेवर ठेवून पुढे आला असता, मला गाठलं असतं आणि रीतसर मोकळं केलं असतं. म्हणजे थकबाकीदाराच्या शेजारी राहणारा सुरक्षित, आणि दोन प्रामाणिक शेजारी लागून राहिले की दुसरा फलकावर. अख्ख्या सोसायटीने पैसे भरले तर बत्तीसपैकी सोळा फ्लॅट थकबाकीदार दिसतील, प्रत्येक मजल्यावरचे दुसरा आणि चौथा. सगळेच चोर असतील तेव्हा मात्र यादी अचूक!

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, एरर तर येत नाही, म्हणजे कोड बरोबर आहे. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. एरर न येणं हा काही पुरावा नव्हे. हीच नावं यादीऐवजी डिक्शनरीत (प्रत्येक नावाला त्याची माहिती जोडून ठेवायचा पायथनमधला दुसरा प्रकार) ठेवून फिरता फिरता एक काढलं असतं, तर पुढच्याच फेरीला पायथनने रनटाइम एरर दिली असती की फिरताना आकार बदललाय. यादीच्या बाबतीत तो असं काही बोलत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो. उलट दिशेने तर आणखी मजा. त्याच यादीत प्रत्येक फेरीला दंडाची एकेक नोंद अपेंड करत, म्हणजे शेवटी जोडत गेलं, तर शेवट पुढे पुढे पळतो, लूप त्याच्या मागे धावतो, आणि मेमरी संपेपर्यंत किंवा कोणी कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबत नाही. दंड म्हटल्यावर काकांनी कान टवकारले होते, म्हणून हा भाग मी हळू आवाजात सांगितला.

पायथनच्या स्वतःच्या शिकवणीत लिहून ठेवलंय: ज्या संग्रहावर फिरताय तोच बदलणं अवघड जातं, त्यापेक्षा प्रतीवर फिरणं किंवा नवा संग्रह बांधणं सहसा सोपं. प्रत काढायला यादीच्या नावापुढे चौकोनी कंसात एक कोलन टाकायचा, बस. लूप प्रतीवर फिरतो, काटछाट मूळ यादीत होते, कोणी कोणाच्या बोटाखालून सरकत नाही. त्याहून बरं म्हणजे काढाकाढीच नको, न भरलेले तेवढे वेचून नवी यादी करायची: [घर फॉर घर इन थकबाकी इफ घर नॉट इन भरणा]. भाच्याला हे दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, "मी फिक्स मारतो."

फिक्स असा: तोच लूप एका बाहेरच्या लूपमध्ये घातला, फॉर फेरी इन रेंज(६). सहा वेळा चालवायचा.

आणि चीड याची की हे चालतं. भरलेल्यांची सलग रांग दर फेरीत निम्मी होते, अपूर्णांक सोडून. बत्तीसचे सोळा, आठ, चार, दोन, एक, शून्य. सहा फेऱ्यांत सगळे सुटतात. पोराला हा हिशोब माहीत नव्हता, त्याने अंदाजाने सहा केलं. उद्या शेजारचे दोन विंग सामील होऊन फ्लॅट चौसष्ट झाले की सातवी फेरी लागेल, आणि सगळ्यांनी भरले तर शेवटचा जो बिचारा फलकावर राहील त्याला कारण कळणार नाही.

काकांना या दुरुस्तीत वेगळीच शंका आली. भाच्याने फेरीचा नंबर छापायला लावला होता, आणि कागदावर ०, १, २, ३, ४, ५ आलं.

"पाचच वेळा चालला," काका म्हणाले. "सहाचे सांगून पाच."

"शून्य धरून मोजा."

"शून्यावी फेरी म्हणजे फेरी झालीच नाही. लग्नात सात फेरे असतात, शून्यापासून मोजतात का?"

रेंज(६) म्हणजे शून्यापासून सुरुवात, सहाच्या आधी थांबायचं, नग सहा. रेंज(१, १२) लिहिलं तर डिसेंबर येत नाही, बारा महिने हवे तर रेंज(१, १३). हे तऱ्हेवाईक वाटतं, पण शेवटातून सुरुवात वजा केली की थेट नग मिळतात, आणि रेंज(०, ६) ला रेंज(६, १२) जोडलं तर ना फट ना पुनरुक्ती. डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये याची बाजू एका छोट्या टिपणात मांडली होती. काकांनी डाइक्स्ट्रा कोणत्या विंगमध्ये राहतात ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवी यादी लागली. ३०३ नव्हता. माझी माफी कोणी मागितली नाही, जुनी यादी चुकीची होती असंही कुठे लिहिलं नाही. खाली काकांच्या सहीने टीप होती: 'सदर यादी संगणकाद्वारे सहा वेळा तपासण्यात आली आहे. सभासदांनी पावत्या घेऊन कार्यालयात गर्दी करू नये.'