जुनी बाईक, 18 टक्के जीएसटी आणि नोटरी : त्या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिघांनी टाकला. परवा तोच माझ्या मामेभावानं कळव्याहून पाठवला. मजकूर थोडक्यात असा : सेकंड हँड बाईक नावावर करायला गेलात तर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. त्यापेक्षा 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घ्या. नोटरी झाली की जुन्या मालकाची जबाबदारी संपली. विमा गाडीचा असतो, तो आपोआप चालू राहतो. आणि ठाण्याची एमएच-04 गाडी नवी मुंबईत नावावर केली तर रोड टॅक्स परत भरावा लागतो.

माझा राग पहिल्या दोन वाक्यांवर आहे. नसलेल्या कराची भीती घालायची आणि त्या भीतीपोटी माणसाला नाव बदलण्यापासूनच परावृत्त करायचं, हे फार वाईट आहे.

आधी कराचं बघू. 21 डिसेंबर 2024 ला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची 55 वी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट 18 टक्के करायचं ठरलं. बातमीचा मथळा तेवढाच फिरला, खालचा मजकूर कुणी वाचला नाही. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, म्हणजे मुख्यतः जुन्या गाड्यांच्या डीलरला लागतो, आणि तोही फक्त त्याच्या नफ्यावर. डीलरनं बाईक 40,000 ला घेऊन 46,000 ला विकली, तर कर 6,000 वर, म्हणजे 1,080 रुपये. 46,000 वर 8,280 नव्हे. आणि तुम्ही तुमची घरची बाईक शेजारच्या पोराला विकलीत, तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. तुम्हालाही नाही, त्यालाही नाही. आरटीओत नाव बदलताना जीएसटी भरायची खिडकीच नसते. मोटरसायकलच्या हस्तांतरणाचं मूळ शुल्क 150 रुपये आहे, वर स्मार्ट कार्डाचे वगैरे किरकोळ पैसे. एजंट जे सांगतो त्यात त्याची मजुरी असते. तिला कर म्हणू नका.

आता नोटरी. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे आमच्या घरात घडलंय.

मामानं त्याची स्प्लेंडर कोपरखैरण्याच्या एका मुलाला विकली. एका एजंटच्या सांगण्यावरून नाव बदलण्यासाठीच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, नोटरी केली, आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) आणि चावी देऊन मोकळा झाला. आठ-नऊ महिन्यांनी त्याच्या मोबाइलवर ई-चलान आलं. फोटो उघडला तर पाम बीच रोड, बाईकवर तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. मागच्या मडगार्डवर मामानं स्वतःच्या हातानं लावलेला ‘आई एकवीरा’चा स्टिकर, डावा कोपरा सुटलेला. मामा बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसला. मग म्हणाला, “गाडी अजून माझीच आहे रे.”

कागदावर ती खरंच त्याचीच होती. चलानाचे पैसे भरता येतात हो, पण त्या तिघांनी कुणाला उडवलं असतं तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं. त्यात गाडी 2007 मध्ये विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलले, आणि अपघात झाला 2009 मध्ये. तरी भरपाईची जबाबदारी आली पहिल्या विक्रेत्यावर, कारण आरसीवर नाव त्याचंच राहिलं होतं. नोटरीचा कागद तुमच्या दोघांत काय ठरलं याचा पुरावा आहे. अपघातात पाय गेलेल्या माणसाला त्या कागदाशी काही देणंघेणं नाही.

कायद्यानं यासाठी मुदती घालून दिल्यात. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्यानं 14 दिवसांत द्यायची असते, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. फॉर्म 29 ही विकणाऱ्याची खबर. म्हणजे ती देणं मामाचं काम होतं. सही करून फॉर्म एजंटच्या पिशवीत टाकला, म्हणून ते झालं असं होत नाही.

विम्याबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. कलम 157 मुळे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण त्यानंही 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप जात नाही. बाईक चोरीला गेली आणि पॉलिसी जुन्याच नावावर असली, तर नवा मालक हात चोळत बसतो. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षणही आरसी आणि पॉलिसीवर ज्याचं नाव त्यालाच. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर जात नाही. आणि पॉलिसी संपल्यावर नव्या मालकानं भरलीच नाही तर? मग वर सांगितलेली भरपाई नोंदणीकृत मालकाच्या खिशातून.

रोड टॅक्सचं लगेच संपतं. महाराष्ट्रात दुचाकीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो. ठाण्याची गाडी वाशीत किंवा नेरुळात गेली म्हणून तो परत लागत नाही, एमएच-04 चा नंबरही बदलत नाही. परराज्यात नेलीत तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षित अशी नंबरची पाटी, बसवल्याशिवाय नाव बदलायचं काम पुढे जात नाही. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो बोजा (एचपी) आधी उतरवून घ्या. थकलेली चलानं भरा. डीलरला विकत असाल तर तो अधिकृत आहे का विचारा, आणि गाडी ताब्यात दिल्याची फॉर्म 29सी ची नोंद तुमच्यासमोर करून घ्या. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत ही सोय खास विकणाऱ्यासाठी आहे.

मामाचं नशीब, तो मुलगा फोन उचलत होता. चलानं भरली, दोघांनी मिळून अर्ज केला, आता आरसीवर त्या मुलाचं नाव आहे. तुमचा खरेदीदार फोन उचलत नसेल, तर त्याच्या आधारची प्रत, करार आणि फॉर्म 29 घेऊन आरटीओला लेखी कळवा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.