आंब्याचे पैसे आणि ४४४ दिवस

वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचे पैसे, जमा झाली की देवगडपासून राजापूरपर्यंत प्रत्येक पडवीत एक अर्थमंत्री तयार होतो. पाऊस तोंडावर आलेला, लाकडं आत घ्यायची राहिलेली, पण मुदत ठेवीची चौकशी एकच : "तुका टक्के किती गावले?" किती दिवसांसाठी, हे कोणी विचारत नाही. माझा वैताग तिथूनच सुरू होतो.

बँकेच्या फलकावर सगळ्यांत ठळक आकडा बहुधा ४४४ दिवसांचा. ३१ मेला ठेवलेले पैसे सुटणार पुढच्या वर्षी १८ ऑगस्टला. तोवर यंदाचं कल्टार (कलमांना मोहोर यावा म्हणून घालायचं औषध), यंदाचा गणपती, मोहोराआधीची फवारणी आणि पुढचा अख्खा हंगाम उरकलेला. मग जुलैतच ठेव मोडायची. मोडली की ठळक आकडा गेला. जितके दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर लागतो, त्यातूनही बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड वजा. बँक फसवत नाही हो, सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा घरी राहिलेला असतो.

म्हणून मी फलक खालून वर वाचतो. कल्टारला पैसे जुलैच्या मध्यावर लागतात, म्हणजे साधारण ४५ दिवस. पण बऱ्याच बँकांत '७ ते ४५ दिवस' हा सगळ्यांत गरीब गट, आणि ४६ व्या दिवसापासून दर चढतो. एक दिवस जास्त मागायला लाजू नये. कलमांची हरकत नसते.

दरासाठी तालुका पालथा घालणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. एका लाखावर ९१ दिवसांत सहा आणि साडेसहा टक्क्यांचा फरक होतो सुमारे १२५ रुपये. दोनदा एसटी, एकदा मिसळ, की फरक फिटला.

पतसंस्थेचा टक्का मोठा, आणि संचालक कोणाचा तरी मेव्हणा. ठेव विमा मात्र मेव्हण्यावर चालत नाही. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, २०२० पासून ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे. तोही व्याज धरून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. कणकवलीत पाच, मालवणात पाच ठेवले म्हणून दहा होत नाहीत. पतसंस्थेला हा विमा नाहीच.

पोस्टाची मुदत ठेव भक्कम, पण किमान वर्षाची. पहिले सहा महिने हात लावायचा नाही, आणि वर्षाच्या आत काढली तर बचत खात्याचंच व्याज. 'सीडी', म्हणजे बँकेचं ठेव प्रमाणपत्र, घ्या म्हणणाऱ्या मुंबईच्या पुतण्याला सांगावं, आपल्याकडे ती किमान ५ लाखांची असते. त्यापेक्षा ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारला थोड्या दिवसांसाठी दिलेलं कर्ज, बरं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १०,००० रुपयांपासून घेता येतं. ते विकलं जातं लिलावात. लिलाव म्हटल्यावर बंदरावरची मंडळी सरसावतात, पण इथे बोली बँकांसारख्या मोठ्या संस्था लावतात आणि आपल्याला सरासरी भाव मिळतो. सुरमईची घासाघीस चालत नाही. मुदतीआधी पैसे हवे असतील तर बाजारात विकायचं, गिऱ्हाईक मिळालं तर.

गणपती सप्टेंबरात असेल त्या वर्षी ९१ दिवसांची ठेव बरोबर बसते : ३१ मेची ३० ऑगस्टला सुटते. फक्त अर्जावर 'आपोआप नूतनीकरण' या रकान्यात आधीच खूण केलेली असते, ती बघावी. राहिली तर पैसे २९ नोव्हेंबरपर्यंत पुन्हा आत आणि मखर उधारीवर. 'मुदतीअंती बचत खात्यात जमा' असं लिहून घ्यावं, काउंटरवरच्या बाई "राहू दे हो, नंतर बघू" म्हणाल्या तरी.